वाळूवरचं पाऊल : मालवण किनाऱ्यावरच्या प्रकल्प नोंदी

रविवार, 6 ऑक्टोबर 2024

प्रकल्प आजपासून वहीत. विषय असा: मालवण ते देवबाग या पट्ट्यात मासळीची पाटी डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायका आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं यांचा घोटा आणि तळवा चालताना काय करतो, ते त्यांच्याच जमिनीवर बघायचं.

कारण दवाखान्यात रोज समोर येतं. मासळी विकणाऱ्या काकी येतात आणि तक्रार बहुतेक एकच असते. "उठल्यार पयली चार पावलां टाच टेकूक जमणा नाय, मगे बरां वाटता." टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून जाणारी जाड पट्टी, म्हणजे प्लांटार फॅशिया, दुखावल्याची ही ओळखीची खूण. मी त्यांना दवाखान्याच्या फरशीवर चालायला लावते, चाल बघते, व्यायाम सांगते. पण त्या फरशीवर त्या चालतात तरी किती? त्यांच्या पायाखाली दिवसभरात कोरडी वाळू असते, ओली पुळण असते, जांभ्याची पाखाडी असते, बाजारातला ओला कोबा असतो. फरशीवरची चाल बघून वाळूवरच्या पायाला सल्ला देणं मला पटत नाही.

मावसभाऊ मदतीला आहे. तो मेकॅनिकल डिप्लोमाच्या मुलांना शिकवतो. बलं, आघूर्ण (बलाचा फिरवणारा परिणाम), कॅमेरा हे सगळं त्याच्याकडे. माणसं आणि पाय माझ्याकडे. प्रयोगशाळेत चालीचा अभ्यास करायला जमिनीत बसवलेल्या बलमापक पट्ट्या आणि अवरक्त कॅमेरे असतात. आमच्याकडे मोबाइल आहे, चित्रणातले कोन मोजणारं किनोव्हिया हे मोफत सॉफ्टवेअर आहे आणि समुद्र दारात आहे. चित्रण गुडघ्याखालचंच करायचं, चेहरा येऊ द्यायचा नाही, आणि ज्याचं त्याला आधी दाखवायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं.

रविवार, 13 ऑक्टोबर

काल दसरा, त्यामुळे आज माणसं घरी सापडली. आमच्या लांब पडवीत मांडणी केली.

मोबाइल सेकंदाला 240 चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये साधारण चार सहस्रांश सेकंद. नेहमीच्या चालीत एक पाऊल जमिनीवर सुमारे 0.6 सेकंद असतं, तेव्हा एका टेकण्याची दीडशेच्या आसपास चित्रं मिळतात. घोट्याच्या हालचालीसाठी एवढं पुष्कळ झालं. कॅमेरा घोट्याच्या उंचीवर हवा, म्हणून तो एका चिऱ्यावर ठेवला, चालण्याच्या रेषेला बरोबर काटकोनात. जवळ ठेवला तर चित्राच्या कडेला कोन वेडेवाकडे दिसतात. चार-पाच मीटर मागे नेऊन झूम केलं की ते बरंच कमी होतं. चालण्याच्या रेषेतच एक मीटरची पट्टी उभी केली, म्हणजे चित्रातल्या अंतराला खरं माप मिळतं.

खुणांसाठी पांढऱ्या चिकटपट्टीचे गोल तुकडे आणि प्रत्येकाच्या मधोमध काळी टिकली. चार जागा: गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला लागणारं हाडाचं टोक, बाहेरचा घोटा, टाचेची बाहेरची कड, करंगळीच्या मुळाचं हाड. पहिल्या दोन खुणांमधून नडगीची रेषा मिळते, पुढच्या दोघींतून पावलाची. दोन रेषांमधला कोन हाच आपला घोट्याचा कोन.

कॅमेरा आहे म्हटलं की माणूस परेड केल्यासारखा चालतो. त्यामुळे पहिल्या फेऱ्या नुसत्याच जाऊ द्यायच्या. गप्पा सुरू झाल्या की पाय आपल्या चालीवर येतात, मग चित्रण.

रविवार, 20 ऑक्टोबर

आज दिवसभर एकाच काकींच्या एकाच पावलावर होते. एकेक चित्र पुढे सरकवत बघितलं. इतकी वर्षं पाय तपासते, पण एवढ्या सावकाश पाऊल कधी बघितलं नव्हतं.

उजवी टाच टेकते त्या क्षणापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत चालीचं एक चक्र. त्यातला सुमारे 60 टक्के वेळ पाय जमिनीवर, 40 टक्के हवेत. टेकण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी दहा-दहा टक्के वेळ दोन्ही पाय जमिनीवर असतात. पळताना हा दोन्ही पायांचा वेळ नाहीसा होतो; चालणं आणि पळणं यांतला ठळक फरक तो.

टाच टेकली तेव्हा घोटा जवळजवळ काटकोनात होता. तिथून चवडा खाली येतो, पण आपटत नाही. नडगीच्या पुढचा स्नायू, टिबियालिस अँटिरियर, त्याला धरून सावकाश खाली सोडतो. घोटा या वेळी पाचेक अंशच खाली वळतो. हा स्नायू ज्यांचा निकामी होतो त्यांचं पाऊल फटकन आपटतं. कुष्ठरोगात आणि कमरेच्या नसा दबल्यावर हे दिसतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी अशा लोंबत्या पावलांसाठी मागचा एक स्नायू पुढे वळवून जोडण्याच्या शस्त्रक्रिया केल्या, त्या याच एका कामासाठी.

मग पाऊल सपाट होतं आणि जमिनीला खिळून राहतं. आता नडगी त्याच्यावरून पुढे कलते. घोटा वर वळत सुमारे 10 अंशांपर्यंत जातो. बघणाऱ्याला वाटतं अंग आपोआप पुढे चाललंय, पण पोटरीने या सगळ्या वेळात नडगीला मागून ताणून धरलेलं असतं. ती सैल पडली तर नडगी पुढे कोसळेल आणि गुडघा मोडेल. चक्राच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास टाच उचलते. वजन चवड्यावर येतं, बोटं मुळाशी मागे वाकतात, अंगठा तर पन्नास-साठ अंशांपर्यंत. पोटरी जोर लावते आणि घोटा झपकन 15 ते 20 अंश खाली वळतो. पाऊल सुटलं की तो लगेच काटकोनात परततो, नाहीतर बोटं जमिनीला घासतील.

जॅकलिन पेरी यांनी कॅलिफोर्नियातल्या रँचो लोस अमिगोस रुग्णालयात ही वाटणी मांडली: आधी टाचेवरून लोळणं, मग घोट्यावरून, मग चवड्यावरून. काकींचे पडवीतले कोन या माहीत असलेल्या कोनांच्या जवळपासच आले. म्हणजे मांडणी कामाची आहे, आणि सपाट कठीण जमिनीवर काकींच्या घोट्यात काही कमी नाही. उकिडवं बसून दिवसभर मासे कापणाऱ्या बाईची पोटरी आखडलेली नसणारच; भिंतीला गुडघा टेकवून केलेल्या चाचणीतही घोटा मोकळा निघाला.

मग टाच का दुखते?

रविवार, 27 ऑक्टोबर

तळव्याचे ठसे. पाय किंचित ओला करायचा, आलेखाच्या कागदावर उभं राहायचं, ओल सुकायच्या आत पेन्सिलीने कड काढून घ्यायची. बोटं सोडून उरलेल्या ठशाचे लांबीने तीन सारखे भाग करायचे, चौकटी मोजायच्या. मधल्या भागाचं क्षेत्रफळ भागिले पूर्ण ठशाचं क्षेत्रफळ, हा तळव्याच्या कमानीचा निर्देशांक. कॅव्हनॉ आणि रॉजर्स यांनी 1987 मध्ये मांडलेला. 0.21 पर्यंत उंच कमान, 0.26 पासून पुढे सपाट पाऊल, मधलं सर्वसाधारण.

तपासलेल्या बायकांमध्ये तिन्ही प्रकार सापडले. सपाट पाऊल असूनही न दुखणाऱ्या आहेत, आणि छान कमान असून लंगडणाऱ्याही. म्हणजे उभ्या पायाचा ठसा बघून दुखण्याचं उत्तर मिळायचं नाही. चालीत कमान कशी खचते आणि कशी उचलते, ते बघावं लागेल.

जाता जाता: कमान कशाने घडते यावर आपल्या शेजारी मणिपालला चांगलं काम झालंय. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 1992 मध्ये 2,300 मुलांचे ठसे अभ्यासले. बूट-चपला घालणाऱ्या मुलांत सपाट पाय 8.6 टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत 2.8 टक्के. बंद बुटात सर्वांत जास्त. लहान मूल घरात अंगणात अनवाणी खेळत असेल तर खेळू द्यावं, हे मी आईबापांना त्या अभ्यासाच्या भरवशावर सांगते.

शनिवार, 9 नोव्हेंबर

दिवाळीत काम थांबलं होतं. भाऊबीजेला मावसभाऊ आला तो सबटेलर सांध्याचं चित्र काढूनच.

घोटा म्हणून आपण बोट ठेवतो तिथे खरं तर दोन सांधे आहेत, एकावर एक. वरचा नडगी आणि टेलस हाडामधला. तो पाऊल वर-खाली करतो. खालचा टेलस आणि टाचेच्या हाडामधला, तो सबटेलर. त्याचा अक्ष तिरका आहे: आडव्या पातळीपासून सरासरी 42 अंश वर, पावलाच्या मधल्या रेषेपासून सुमारे 16 अंश आत. माणसामाणसात पुष्कळ फरक असतो. अक्ष असा पंचेचाळिसाच्या जवळ तिरका असल्यामुळे नडगीचं स्वतःभोवती फिरणं आणि पावलाचं आत-बाहेर कलणं एकमेकांना बांधलेलं आहे. वाचणाऱ्याने इथेच उभं राहून बघावं. पाऊल जमिनीवर नीट रोवा आणि ते न हलवता गुडघा बाहेरच्या बाजूला फिरवा. कमान उचलली जाते. आत फिरवा, कमान बसते.

चालताना हेच घडतं. टाच टेकल्यावर नडगी आत फिरते, टाच बाहेर कलते, कमान सैल होते. पाऊल मऊ होऊन जमिनीचा खडबडीतपणा अंगावर घेतं. पाऊल मध्यावर आलं की दुसरा पाय पुढे झोकला जातो, कंबर वळते, नडगी बाहेर फिरू लागते, टाच आत येते आणि मधल्या हाडांची जुळणी घट्ट होते. शेवटी बोटं मागे वाकतात तेव्हा तळव्याची पट्टी त्यांच्या मुळांभोवती गुंडाळली जाते. रहाटावर दोर गुंडाळला की बादली वर येते, तसं इथे टाच आणि चवडा जवळ ओढले जातात आणि कमान उचलली जाते. जे. एच. हिक्स यांनी 1954 मध्ये हे दाखवून दिलं. अंगठा हाताने मागे वाकवला तर बसल्याबसल्याही कमान वर येताना दिसते. काकींना दाखवलं तर त्यांनी घरातल्या सगळ्यांचे अंगठे वाकवून बघितले.

पावलाच्या रुंदीतली आडवी कमानही तितकीच मोलाची. मधुसूदन वेंकटेशन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की पावलाच्या लांबीतल्या ताठपणातला 40 टक्क्यांहून जास्त वाटा तिचा आहे.

या प्रकल्पाचा गाभा माझ्या मते इथे आहे. एकाच पावलाने अर्ध्या सेकंदात मऊही व्हायचं आणि ताठही व्हायचं. टेकताना मऊ, सुटताना ताठ. जी जमीन या बदलात अडथळा आणेल तिथे पट्टीवर, पोटरीवर, घोट्याची हाडं एकमेकांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर जादा काम पडणार.

शनिवार, 16 नोव्हेंबर

काल त्रिपुरारी पौर्णिमा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आमच्याकडे उजाडताना ओहोटी असते, पुळण रुंद उघडी पडते. सूर्य किनाऱ्याच्या मागून, माडांच्या आडून येतो, त्यामुळे तासभर मऊ उजेड आणि सावली नाही. चित्रणाला याहून चांगली वेळ नाही.

वर कोरडी भुसभुशीत वाळू, खाली पाण्यालगत ओली आणि घट्ट. त्याच काकी, तीच पाटी, दोन्हीकडे.

ओल्या पट्ट्यावर चाल पडवीतल्यासारखीच. टाच टेकते, पाऊल लोळतं, अंगठ्याने सुटतं. ठसा उथळ. वर कोरड्या वाळूत सगळं बदललं. टाच टेकते तीच आत जाते, त्यामुळे टाचेवरून लोळायला कठीण आधारच मिळत नाही; पाऊल जवळजवळ सपाट पडतं. पावलं आखूड झाली, गुडघा जास्त वाकू लागला. आणि सुटताना चवडा जोर लावतो त्याच क्षणी वाळू मागे सरकते. चित्रं एकेक करून बघताना हे स्पष्ट दिसतं: पोटरीचा जोर अंगाला पुढे ढकलण्याऐवजी बराचसा खड्डा करण्यात जातो. बोटं आवळली जातात, वाळू पकडायला बघतात.

बेल्जियममधल्या लेजून, विलम्स आणि हेग्लंड यांनी 1998 मध्ये मोजलं होतं की त्याच वेगाने चालायला वाळूवर कठीण जमिनीपेक्षा 2.1 ते 2.7 पट ऊर्जा लागते. पळायला सुमारे 1.6 पट. कारणं दोन दिली: पाय वाळूवर काम करतो ते परत मिळत नाही, आणि स्नायू व कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या शिरा) यांची कार्यक्षमता घटते. कंडरा ताणून सोडण्यातली जी बचत कठीण जमिनीवर होते, ती वाळू खाऊन टाकते. "पुळणीर एक मैल म्हणजे रस्त्यार दोन" असं काकी म्हणाल्या, त्यांनी हा अभ्यास वाचलेला नाही.

मोजणीची अडचण एक आहे. पाऊल वाळूत गेलं की टाचेची आणि करंगळीची टिकली दिसेनाशी होते, मग घोट्याचा कोन कसा काढणार? तेव्हा कोरड्या वाळूत नडगीचा उभ्या रेषेशी असलेला कोन एवढाच मोजायचा ठरवला. तो खात्रीने मिळतो. घोट्याचा म्हणून आकडा लिहायचा नाही. घामाने आणि खाऱ्या वाऱ्याने टिकल्या सुटतात. त्यावर दवाखान्यातली मायक्रोपोर पट्टी.

रविवार, 17 नोव्हेंबर

ओल्या वाळूतल्या ठशांत प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचे काढले. पातळ कालवायचं, काठावरून सावकाश सोडायचं, घट्ट झालं की भोवतालची वाळू काढून उचलायचं. उलटं करून ओटीवर ठेवलं की पाऊल जसं टेकलं तसं हातात. टाचेखालचा गोल, अंगठ्याच्या मुळाशी दुसरा खोल भाग, आणि बोटांच्या मागे वाळूची ढकललेली घडी. बोट फिरवून ही घडी जाणवते, चित्रणात ती दिसत नाही.

साच्याची खोली म्हणजे दाब असं मात्र धरायचं नाही. वाळू दाबली जाते, बाजूला सरते, मागे ढकलली जाते. उथळ ठशात खोली आणि दाब यांचा मेळ त्यातल्या त्यात बरा बसतो, खोल ठशात नाही. टांझानियात लाएटोलीला ज्वालामुखीच्या राखेत सुमारे 36 लाख वर्षांपूर्वीच्या पावलांचे ठसे मिळाले, त्यांच्यावरून ते लोक कसे चालत हा वाद अजून चालतो तो याच कारणाने. आमचे साचे डावा-उजवा फरक बघायला वापरायचे, तेवढंच.

आणि तो फरक निघाला. दोन्ही पावलं कडेने सारखी बसलेली नाहीत. डाव्याची बाहेरची कड जास्त रुतलेली, उजव्याची आतली.

रविवार, 24 नोव्हेंबर

आठवडाभर हाच विचार. उत्तर किनाऱ्याच्या उतारात आहे.

वायरीकडून मालवणच्या बाजाराकडे निघालं की समुद्र डाव्या हाताला. पुळण समुद्राकडे उतरती. तेव्हा डावा पाय खालच्या अंगाला, उजवा वरच्या. खालच्या पायाची बाहेरची कड खाली जाते, पाऊल आत कलतं. घोट्याच्या बाहेरच्या अस्थिबंधांवर ताण, आणि पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा याच दिशेने. वरच्या पायाची आतली कड खाली, पाऊल बाहेर कलतं, कमान बसलेलीच राहते. आधीच्या नोंदीत लिहिलं तसं सुटताना पाऊल ताठ व्हायला टाच आत यायला हवी. उतारावर वरच्या पायाची टाच तेवढी आत येऊ शकत नाही. मग कमान धरून ठेवायचं काम एकट्या पट्टीवर.

परत येताना उतार उलटा, हिशेब फिटला असं वाटेल. पण फिटत नाही, कारण जाताना पाटी भरलेली असते आणि येताना रिकामी. भरलेल्या फेरीत उजवी कमान रोज त्याच बाजूने खचते. रिक्षा मिळाली तर रिक्षा, नाहीतर वर्षानुवर्षं हाच क्रम.

टाच दुखणाऱ्या काकींना विचारलं, कुठली? उजवी म्हणणाऱ्या जास्त, पण डावीवाल्याही आहेत. एवढ्या थोड्या जणींवरून नियम काढायचा नाही. आता दवाखान्यात टाचेसाठी येणाऱ्या प्रत्येकीच्या कागदावर दोन रकाने वाढवले: कुठली टाच, आणि भरलेली पाटी घेऊन कुठून कुठे जाता.

जयपूर फूटची आठवण इथे होते. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ते घडवलं तेव्हा त्यांच्यासमोर अनवाणी चालणारा, शेतात उतरणारा, उकिडवा बसणारा माणूस होता. परदेशी कृत्रिम पाऊल बुटात आणि सपाट जमिनीवर चालायला केलेलं. जयपूर फूट वर-खाली, आत-बाहेर, सगळीकडे थोडं थोडं वळतं, म्हणून बांधावर आणि उतारावर टिकतं. जमीन बघून पाय घडवला. मला चालीची तपासणीही तशीच व्हायला हवी आहे.

रविवार, 1 डिसेंबर

अमावास्या, पहाटेची ओहोटी, आणि रापण. तांडेलांनी, म्हणजे रापणीच्या म्होरक्यांनी, चित्रणाला परवानगी दिली.

होडी अर्धवर्तुळात जाळं टाकून येते, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन टोळ्यांच्या हाती. तोंड समुद्राकडे, अंग मागे कललेलं, टाच रुतवायची आणि एकेक पाऊल मागे. शेवटचा माणूस दोर सोडून पुढे येतो आणि पाण्यालगत पुन्हा धरतो.

मागे चालताना आधी चवडा टेकतो, मग टाच. डेव्हिड विंटर आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये दाखवलं की साध्या मागे चालण्यात सांध्यांचे कोन हे पुढे चालण्याचं चित्रण उलटं फिरवल्यासारखेच दिसतात. रापणीत तसं नाही. इथे मागे टाकलेला पाय चवड्यावर पडतो खरा, पण लगेच टाच खोल दाबली जाते आणि दोराची ओढ आडवी त्याच टाचेवर येते. पोटरी ताणलेली, गुडघा वाकलेला, बोटं वर उचललेली. टाचेखालची चरबीची गादी दीड-दोन सेंटिमीटरची, तिच्यावर तासभर हेच. ज्येष्ठ रापणकरांच्या टाचा बघितल्या: कातडी जाड, कडेला भेगा, पण हात लावून दाबलं तरी दुखत नाही. त्यांना पोटरीचं आणि कमरेचं दुखणं आहे, टाचेचं नाही. त्या टाचा मी बराच वेळ हातात धरून बघितल्या.

रविवार, 8 डिसेंबर

आज हिशेब, मावसभावाच्या फळ्यावर.

बाई 55 किलोची. टाच उचलल्यावर चवड्याखाली जमिनीचं बल वजनाच्या साधारण 1.1 पट, म्हणजे 593 न्यूटन. हे बल घोट्याच्या पुढे सुमारे 12 सेंटिमीटरवर लागतं. आघूर्ण 71 न्यूटन मीटर. त्याला तोलायचं काम टाचेच्या शिरेचं, म्हणजे अकिलीस कंडरेचं, आणि ती घोट्याच्या मागे जेमतेम 5 सेंटिमीटरवर आहे. 71 भागिले 0.05, म्हणजे सुमारे 1,420 न्यूटन. जवळजवळ 145 किलोचा ताण, रिकाम्या चालीत, दर पावलाला.

आता डोक्यावर 15 किलोची पाटी. तेच गणित 70 किलोवर केलं की 1,810 न्यूटन, 185 किलो. पाटी 15 किलोची आणि शिरेवर वाढलेला भार 40 किलो. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा आम्ही दोघं गप्प झालो. मग त्याने पुन्हा मोजला, तोच आला.

तळव्याची पट्टी शिरेच्या ओढीशी बांधलेली आहे. शीर जेवढी ओढते तेवढी पट्टीही ताणली जाते. 2004 मध्ये मृतदेहांच्या पायांवर चालीची नक्कल करून केलेल्या प्रयोगात पाऊल सुटायच्या बेताला पट्टीतला ताण शरीराच्या वजनाच्या जवळ गेलेला आढळला. तेव्हा भरलेली पाटी, कोरड्या वाळूत वाया जाणारा पोटरीचा जोर आणि उतारावर बसलेली कमान, ही तिन्ही कारणं एकाच पट्टीवर येऊन पडतात. काकींच्या टाचेचं दुखणं मला आता तिथे दिसतं.

रविवार, 15 डिसेंबर

काकींना बोलावून चित्रण दाखवलं आणि सांगायचं ते सांगितलं.

भरलेली पाटी असेल तेव्हा कोरड्या वाळूतून जाऊ नका. ओहोटी असली तर पाण्यालगतच्या ओल्या पट्ट्याने जा, तिथे वाळू घट्ट आणि उतारही कमी. भरतीला पुळण उरत नाही, तेव्हा रस्ता धरा, लांब पडला तरी. पाटीचं वजन दोन फेऱ्यांत वाटता आलं तर वाटा. हे बोलणं सोपं आहे, बाजाराची वेळ चुकली तर भाव जातो, हे मलाही कळतं.

व्यायाम एकच दिला आणि तो पाखाडीच्या पायरीवर उभं राहून करून घेतला. पंचाची गुंडाळी करून बोटांखाली ठेवायची, म्हणजे अंगठा मागे वाकतो आणि पट्टी ताणली जाते. टाच पायरीच्या कडेबाहेर. तीन सेकंदांत चवड्यावर वर, दोन सेकंद तिथे, तीन सेकंदांत खाली. एक दिवसाआड. डेन्मार्कमध्ये रॅथलेफ आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये हा व्यायाम नुसत्या ताणण्याच्या व्यायामाशी ताडून बघितला. तीन महिन्यांनी हा सरस ठरला. मऊ चप्पल, गरम शेक यांना माझी ना नाही, पण त्याने पट्टी बळकट होत नाही. एका काकींनी विचारलं, पाटी घेऊनच केला तर? सांगितलं, आधी नुसता; पुढे भार वाढवायचाच आहे, तेव्हा पाठीवर पिशवीत तांदूळ घ्या.

रापणीचा हिशेब राहिलाय. टाचेवर आडवं बल किती येतं ते दोराची ओढ मोजल्याशिवाय सांगता येणार नाही. मासळी तोलायचा लटकता काटा दोराच्या मध्ये अडकवून बघायचा असं जानेवारीचं ठरलंय. काटा किती किलोपर्यंतचा लागेल ते मावसभाऊ बघतो. तांडेलांनी हो म्हटलं, अट एकच घातली: "जाळां किनाऱ्याक लागताना मदी येव नकात."